आठवा टेक

कौस्तुभनं तो शॉट अकराव्यांदा मागे नेला.

पडद्यावर त्याची बायको राधिका गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती. पाणी समुद्राचं वाटत होतं, पण होतं सातिवलीच्या एका गोडाऊनमध्ये बांधलेल्या टाकीतलं. शार्कचा पत्ताच नव्हता, तो नंतर कॉम्प्युटरवर येणार होता. तोवर सेटवरच्या मदतनीस रायननं काठीला लाल चेंडू लावून तो पाण्यालगत फिरवायचा आणि राधिकानं त्या चेंडूकडे बघून घाबरायचं, अशी सगळी गंमत.

वसईकराला शार्क म्हणजे कालवणातली मुशी. ती बघून कोण किंचाळणार? पहिले सात टेक तसेच टाकाऊ होते. दोनदा तर राधिका चक्क हसली होती. मग वीस मिनिटं कॅमेरा बंद. आणि मग आठवा टेक.

आठव्या टेकमधला तिचा चेहरा कौस्तुभ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघत होता. आधी मान जराशी वळते. ओठ मिटतात. श्वास अडकतो. डोळे एका जागी खिळतात ते हलतच नाहीत. ती ओरडत नाही, तेच भारी होतं. बारा वर्षं एडिटिंग करून कौस्तुभला एवढं कळत होतं, की मासा दाखवला की भीती उतरायला लागते आणि बघणाऱ्याचा चेहरा दाखवला की चढते. म्हणून तर ह्या सिनेमात पहिली चाळीस मिनिटं शार्क दिसत नव्हता. एक ताणला जाणारा दोर, एक तरंगणारी चप्पल, आणि आता हा चेहरा.

पण तिची नजर चेंडूवर नव्हती. चेंडू पाण्यालगत असायचा, ती बघत होती वर. उभ्या माणसाच्या तोंडाएवढं वर.

आणि काठावर उभा होता रायन.

कौस्तुभ जळत होता आणि ते त्यालाही कळत होतं. रायन वसईजवळच्या सांडोर गावचा. घरची केळीची वाडी, पोहून कमावलेलं अंग, जिभेवर साखर. शॉट संपल्यावर राधिकाला हात देऊन वर घेणारा आणि खांद्यावर टॉवेल टाकणाराही तोच. घरी तिनं कौस्तुभकडे असं एकटक कधी बघितलं नव्हतं. तो आला की ती टीव्ही बंद करायची, मान खाली घालून ताट वाढायची. स्वभावच शांत, असं तो सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. त्यानं तरी काय कमी केलं होतं? दिवसातून पाच-सहा व्हिडिओ कॉल करून तिची चौकशी करायचा. दिग्दर्शिका स्टेफीनं मागितलं तेव्हा चार दिवस शूटिंगला पाठवलंही. आणि हिचे डोळे जिवंत व्हावेत ते परक्याच्या एका शब्दावर?

शब्दच असणार. चेहरा बदलायच्या आधी ती कान देऊन काहीतरी ऐकते, हे स्पष्ट दिसत होतं. पण लाटांचा पंप घरघरत असल्यामुळे टाकीतल्या शॉटना आवाज घेतलाच नव्हता.

काल जेवताना त्यानं विचारून बघितलं होतं.

"आठव्या टेकला काय म्हणाला गं तो?"

"कोण?"

"रायन."

भात कालवणारा तिचा हात थांबला. "काही नाही. असंच."

"असंच म्हणजे?"

"मी सोडू का हे काम? तू म्हणत असशील तर सोडते."

इतक्या चटकन सोडते म्हणाली, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यानं ओळखलं. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

दुपारी स्टेफी एडिट बघायला आली. चाळिसावं मिनिट आलं, गेलं.

"ए, आठवा टेक कुठाय?"

"काढला. बसत नव्हता."

"डोकं फिरलंय का तुझं? अख्खा पिक्चर त्या एका शॉटवर उभा आहे. बायको तुझी, आनंद तुला व्हायला पाहिजे."

"रायन तिला काय बोलला?"

"कधी?"

"शॉटच्या आधी. ते सांग, मग शॉट परत लावतो. नाहीतर आज संध्याकाळी ती मला उत्तर देईल आणि परत तुमच्या सेटवर दिसणार नाही."

स्टेफीला हसू आलं. "अरे, एवढंच? मला वाटलं तिनं सांगितलं असेल तुला." तिनं खुर्ची ओढली. "सात टेक वाया गेले ना, मी जाम वैतागले होते. मग राधिकाच म्हणाली, मॅडम, मी एक वाक्य देते, तेवढं कुणीतरी मोठ्यानं म्हणा, मग बघा. आम्हाला वाटलं, तुमचा नवरा-बायकोचा काहीतरी जोक असणार. रायननं काठी खाली ठेवली, कॅमेरा सुरू झाला, आणि तो ओरडला..."

"काय?"

"राधिका, कौस्तुभ आलाय."