पागोळीचं पाणी

"काकी, तुमची तक्रार मिटली ना? मिटली म्हणा, म्हणजे मी सुटलो," नगर परिषदेचा संदेश हद्दीच्या दगडी गडग्यापाशी उभा राहून म्हणाला.

पावसाळ्याआधी गटारं नि पन्हळी बघत हिंडायचं काम त्याच्याकडे होतं, आणि गोदूबाईच्या तक्रारीने त्याचं डोकं खाल्लं होतं. शेजारच्या खतिजाच्या घरावर कौलं होती तोवर त्यांची पागोळी दोन घरांमधल्या बोळात गुमान पडायची. मग मुलाने, इद्रीसने, कुवेतहून पैसे पाठवले. स्लॅब झाला, त्यावर पत्रे चढले, आणि पत्र्यांची धार थेट गोदूबाईच्या भिंतीवर येऊन आपटू लागली. पागोळी ज्याची त्याच्या हद्दीत पडावी, हा नियम नगर परिषदेच्याही आधीचा. गोदूबाईने तो नगर परिषदेत जाऊन ऐकवला होता. खतिजाने गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरच निमूट पन्हळ लावली, पाइप उतरवला, पाणी रस्त्याच्या गटारात सोडलं. त्या पाण्याबरोबर दोघींचं बोलणंही वाहून गेलं.

"नाय मिटली," गोदूबाई म्हणाली.

"अहो, आता तुमच्याकडे एक थेंब येत नाही!"

"तीच तक्रार हाय."

संदेशला वाटलं म्हातारी फिरकी घेतेय. गोदूबाईने त्याला हाताला धरून विहिरीपाशी नेलं. तळाचा कातळ उघडा पडला होता आणि एका कोपऱ्यात डबक्याएवढं पाणी होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने ही विहीर आटलेली पाहिली नव्हती. मे महिन्यात सगळी आळी इथे कळशा घेऊन यायची, खतिजासुद्धा. यंदा गोदूबाईच कळशी घेऊन टँकरची वाट बघत उभी राहिली होती. आळीला पाणी पाजणाऱ्या बाईला ते मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"भिंत भिजत होती ती दिसली मला," ती म्हणाली. "बोळातला पाणी खाली विहिरीत उतरत होता, ता कुठं दिसला?"

संदेशने डोकं खाजवलं. "शेजाऱ्याचं पाणी तुमच्या हद्दीत सोडायचं नाही, असा नियम आहे. तुम्हीच तर धरून बसला होतात."

"मीच."

"पण विहिरीशेजारी खड्डा काढून, खडी-वाळू भरून त्यात जिरवलंत, तर आमची ना नाही. उलट गटाराचा भार हलका होईल. फक्त शेजारच्या मावशी कबूल पाहिजेत. त्यांना विचारा."

"तू विचार."

"मी गटाराचा माणूस, काकी. तुम्हा दोघींच्या मध्ये मला घालू नका."

गडग्यापलीकडे खतिजा कोकमाची सालं वाळत घालत होती. पाठ इकडे, कान इकडे. "अडला हरी..." गोदूबाई पुटपुटली आणि मध्येच थांबली. म्हणीतलं पुढचं गाढव पलीकडे ऐकू गेलं असतं, आणि आज ते परवडणारं नव्हतं. ती गडग्यापर्यंत गेली. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. ही नाही म्हणाली तर?

"खतिजा."

"काय गो?" खतिजाने मान वळवली नाही.

"तुज्या पत्र्याचा पाणी..."

"आता येत नाय तुज्याकडं. अजून काय पायजे?"

"ताच पायजे," गोदूबाई म्हणाली. "परत पायजे."

खतिजाने हातातली सालं ठेवली. कोकमाने लाल झालेले हात तिने बादलीत बुडवले, ओढणीला पुसले, आणि ती कोपऱ्यात पाइपापाशी आली. गच्चीवरून उतरलेला पाइप गडग्याच्या उंचीवर वळून गटाराकडे गेला होता.

"प्लंबरला बोलवा," संदेश म्हणाला. "वळणावरचा एल्बो सोल्युशनने चिकटवलेला असतो, कापावा लागेल."

एल्बोवर सुंभ गुंडाळलेला होता, वेढ्यावर वेढे. तिने गाठ सोडली आणि सुंभ उलगडत राहिली. तो संपता संपेना. मग तिने पुढचा पाइप उपसून बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी एल्बो धरला आणि फिरवला. करकरत तो वळला. त्याचं तोंड गोदूबाईच्या विहिरीकडे झालं.

गोदूबाई बघतच राहिली. "सोल्युशन नाय लावलंस?"

"प्लंबर डबी उघडून बसलेला. मीच नको म्हटलं."

"कशाला गो?"

"तुजी विहीर मला काय ठाऊक नाय? कवातरी येशील म्हटलं." खतिजाने आता कुठे तिच्याकडे पाहिलं. "नगर परिषदेत चालत गेलीस. या गडग्यापर्यंत यायला मात्र भारी वेळ लावलास."

गोदूबाईचे डोळे भरून आले. ती गडग्यावरचा चिरा उगाच सारखा करत राहिली.

"मग तक्रार मिटली ना, काकी?" संदेशने विचारलं.

"मिटली."

"आणि तुम्ही, मावशी, खड्डा झाला की त्या एल्बोला सोल्युशन लावून घ्या. सुंभावर पाऊस काढू नका."

"आता लावीन," खतिजा म्हणाली. सुंभाची गुंडाळी करून तिने ती गडग्यावरून गोदूबाईच्या हातात दिली. "ह्या घे. पोहऱ्याच्या दोराला जोड. खाली पोचत नसंल तुजा."