होडीचे यजमान

शके १६६२, श्रावणी पौर्णिमा. राजपुरीच्या खाडीचा किनारा. बखरींना या दिवसाचे काही ठाऊक नाही. म्हणून तो उगवलाच नाही, असे सिद्ध होत नाही.

हबशी सुतार मर्जान आणि कोळी पोशा यांनी मिळून बांधलेली होडी वाळूवर उभी होती. नव्या होडीची पूजा जोडप्यानेच करावी, असा कोळीवाड्याचा रिवाज. त्याविना तिला कोणी हात लावीत नसे, आणि दोघांचा हंगाम त्या होडीवरच होता. दोघे एका झोपडीत राहत. बायको कोणालाच नव्हती.

"आधी बायको आण, मंग लोटू," पाटील पोशाला म्हणाला.

"मर्जान हाय की," पोशा म्हणाला.

कोळीवाड्यातली सर्वांत वडील हिराय पुढे आली नि तिने मर्जानला विचारले, "याच्या तापात पेज कोनी भरवली?"

"मीच, आये."

"खारट व्हती," पोशा पुटपुटला.

"तरी इतकी वर्सं खातोस ना?" हिरायने त्याला विचारले.

लोक हसले. म्हातारीने दोघांच्या खांद्यांवरील रुमालांची गाठ मारली, मर्जानच्या हाती नारळ दिला आणि ती पाटलाकडे वळली.

"जोडपं हाय. लोटा होडी."