इंग्रजीचा परचा

“फिरून एकदा सांगा, मास्तर. त्या शब्दाचं शेपूट ऐकू आलं न्हाय,” उत्तरेश्वर म्हणाला.

पाशामियाँनी डोळे मिटून घेतले. ‘देअरफोर’ हा एक शब्द ते सकाळपासून चौथ्यांदा सांगत होते.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात लुळा पडला, जीभ जड झाली. पूर्वी धाराशिवच्या शाळेत शिकवताना ते इंग्रजी वाचायला लागले की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी गोळा व्हायची. दुखण्यानंतर त्याच तोंडातून साधं ‘पाणी’ धड निघत नव्हतं. रोज बोला, रोज लिहा, असं हकिमांनी बजावलं होतं. पण ते वाकडेतिकडे शब्द ऐकून पाशामियाँना स्वतःचीच शरम वाटायची. त्यांनी बोलणंच टाकलं. जळकोटच्या घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. विधवा बहीण हमिदाबी खुणेनं विचारायची आणि खुणेनंच उत्तर घ्यायची.

उन्हाळा लागला आणि हा उत्तरेश्वर सायकल लावून दारात उभा राहिला. येरमाळ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्यांचा जुना विद्यार्थी. कोण, कुठला, हे न विचारताच हमिदाबीनं त्याला आत घेतलं.

“हैदराबादला युनिव्हर्सिटीत असतो मी,” तो म्हणाला होता. “तिथं सगळं उर्दूत चालतं, पण इंग्रजी काय सुटत न्हाय. आषाढात परीक्षा, पुन्हा इंग्रजीचा परचा आहे. लई जण त्यातच आपटतात. सुट्टीत नळदुर्गाला आत्याकडं आलोय. रोज येईन.”

पाशामियाँनी त्याच्याकडं नीट पाहिलं. तिशीला टेकलेला गडी. शेती, लग्न, यातच मधली वर्षं गेली असणार आणि आता उशिरानं पुन्हा पुस्तकं धरली असणार. त्यांना कणव आली. त्यांनी मान हलवली.

पण शिष्य भलताच मंद निघाला. प्रत्येक शब्द दोन-तीनदा सांगावा लागे. निबंध वाचायला दिला तर म्हणे, “तुम्ही वाचा, मास्तर. तुमच्या तोंडून ऐकल्यावरच मला अर्थ लागतो.” चूक दुरुस्त करायची तर म्हणे, “तोंडी नको. तुमच्या हातानं लिहून द्या, म्हणजे डोक्यात बसंल.” मग पाशामियाँ थरथरत्या उजव्या हातात टाक धरायचे. एक ओळ लिहायला घटका जायची. उत्तरेश्वर वहीवर हात टेकून शांत बसून राहायचा.

“तू बिकॉज लिहिलंस,” ते अडखळत म्हणायचे. “मग... कारण कुठंय? नुसतं... मत लिहिलंस. युनिव्हर्सिटीत मत चालत नाही. पुरावा लागतो.”

“व्हय, मास्तर. एवढंच फिरून सांगा.”

एकदा मात्र हे फारच ताणलं गेलं. एक लांब शब्द पाशामियाँच्या जिभेत असा अडकला की लाळ गळून वहीवर पडली. त्यांनी वही भिरकावली.

“दुसरा मास्तर बघ! धड जीभ असलेला!”

हमिदाबी स्वयंपाकघरातून धावत आली. “भाईजान, गुस्सा करू नका. जीव लावून शिकतोय बिचारा.”

उत्तरेश्वरनं वही उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पुन्हा त्यांच्यापुढं उघडून ठेवली. “दुसऱ्याचं इंग्रजी मी ऐकलंय, मास्तर. लई ऐकलंय. पण मला इंग्रजीची गोडी लागली ती तुमच्या आवाजानं. आता दुसरा आवाज कुठनं आणू?”

पाशामियाँनी वही जवळ ओढली. मग त्यांनी तोच शब्द पुन्हा उच्चारायला घेतला. पाचव्या खेपेला तो सबंध बाहेर पडला.

त्या दिवसापासून त्यांनी कंबर कसली. हा पोरगा पास झालाच पाहिजे. पहाटे उठून ते दिवसाचा धडा स्वतःशी मोठ्यानं वाचायचे. उत्तरेश्वरला उभं करून इंग्रजीत वाद घालायला लावायचे आणि त्याला मुद्दा सुचेना की स्वतःच दोन्ही बाजू मांडायचे. कधी कधी तासभर बोलत राहायचे. वहीतली त्यांची लाल अक्षरं हळूहळू ओळीत यायला लागली. मृगाच्या आसपास ते काठी टेकत मशिदीपर्यंत जाऊ लागले, वाटेत लोकांशी बोलू लागले. पण हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. डोक्यात सारखा तो परचा.

निरोपाच्या दिवशी उत्तरेश्वर पाया पडला. पाशामियाँनी त्याच्या डोक्यावर उजवा हात ठेवला.

“घाबरू नकोस. प्रश्न दोनदा वाच. आधी विचार कर, मगच लिही.”

“व्हय, मास्तर,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

आषाढ सरला. पत्र नाही, निरोप नाही. पाशामियाँ रोज दारात बसून वाट बघायचे. नापास झाला असणार, तोंड दाखवायला लाजत असणार. आपण कुठं कमी पडलो? श्रावणात कळलं की शरणबसप्पा वाण्याचा शिवलिंग हैदराबादहून पास होऊन आलाय. तोही त्याच युनिव्हर्सिटीत होता. पाशामियाँ काठी घेऊन तडक वाण्याच्या ओट्यावर गेले.

“शाब्बास, शिवलिंग. इंग्रजीचा परचा निघाला म्हणायचा!”

“निघाला, मास्तर. अवघड होता, पण निघाला.”

“अन् आमचा उत्तरेश्वर? येरमाळ्याचा? खरं सांग. नापास असला तरी सांग. मी त्याला पुन्हा शिकवीन.”

शिवलिंग त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला.

“प्रोफेसर उत्तरेश्वरसाहेब? ते कशाला परीक्षेला बसतील, मास्तर? आम्हाला इंग्रजी तेच शिकवतात.”