साहेबासाठी ढोमे

उत्तराने टोपावरचं फडकं उचललं आणि एकेक मासा उलटून पाहिला. पंचवीसच्या पंचवीस ढोमे साफ केलेले होते. खवले काढलेले, कल्ले उपटलेले, पोटं चिरून आतून स्वच्छ धुतलेली. वर हळदमीठही चोळून ठेवलं होतं.

“आये, हे काय केलंस?”

मालन स्टोव्हपाशी होती. तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं. “काय म्हंजे? साफ केली. साहेबाच्या बायकोला तरास नको. पावसाल्यासाठी बोटी वर ओढायच्या आधीची शेवटची मासली हाय, जरा नीट जाऊदे म्हटलं.”

“पोटातलं कुठाय?”

“घान टाकली मांजरांना. गाबोली ठेवलीय ना तुला.” मालनने तळलेल्या गाबोळीची ताटली लेकीपुढे सरकवली. “खा, गरम हाय.”

रडावं की ओरडावं, उत्तराला कळेना. तिला गाबोळीच हवी होती, पण कच्ची, माशाच्या पोटातली. अंधेरीच्या संशोधन संस्थेत ती ढोम्यावर काम करत होती. ढोमा केवढा झाला की पहिल्यांदा अंडी धरतो, एवढाच तिचा प्रश्न. त्यासाठी दर महिन्याला वेसाव्याच्याच बोटीतले पंचवीस अख्खे मासे न्यायचे, मोजायचे, कापायचे, गाबोळी तोलायची आणि मग तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. पावसाळा सोडून नऊ महिने. आठ झाले होते. मे राहिला होता, आणि सगळी मेख मेमध्येच होती. सोमवारी नऊ महिन्यांचा तक्ता पूर्ण दिला तर फेलोशिप आणखी वर्षभर चालू, नाहीतर बंद. बोटी तर कालच किनाऱ्यावर ओढल्या होत्या. आता नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी दर्यात जाणार नव्हतं. बाजारातून आणावेत तर ते कुठल्या पाण्यातले आणि किती दिवसांचे, देव जाणे.

“साहेबाला द्यायचीत म्हणून तुला कोनी सांगितलं?”

“सांगायला कशाला लागतं? म्हयन्याच्या म्हयन्याला मासली नेतेस, म्हयन्याच्या म्हयन्याला पगार आनतेस. मना येवढं पन नाय कलत?”

आईला बोल लावायला उत्तराला तोंडच नव्हतं. पहिल्याच महिन्यात ‘साहेबाला पायजेत’ असं तिनेच सांगितलं होतं. खरं सांगायची सोय कुठे होती? लेकीच्या हाताला मासळीचा वास येऊ नये म्हणून धाकूने, तिच्या बापाने, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशीगिरी करून तिला एम.एस्सी. केलं होतं. बँकेतल्या नोकरीचा फॉर्मही त्यानेच आणला होता. शिकून सवरून पोरगी दिवसभर मासळीच कापते, हे कळलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. पहिला पगार हातात पडला आणि बँकेचं नाव निघायचं थांबलं, इतकंच.

“साहेब मासली खातच नाय, आये,” ती शेवटी म्हणाली. “मी कापते ती. गाबोलीतली अंडी बघते, मोजते. तेच माझं काम.”

मालनच्या हातातला कालथा तसाच राहिला. “अंडी मोजतेस? आनि त्याचा पगार देतात?”

“देतात. आता नाय देनार. ह्या म्हयन्याचं काय लिहू?”

मालनने स्टोव्ह बंद केला. जरा विचार केला. चाळीस वर्षं मासळी विकलेली बाई, ती अशी हात टेकणारी नव्हती. “मग त्यात काय? गेल्या म्हयन्याचा आकडा टाक, थोडा वाढवून. दर्या तोच, मासली तीच. कोन बघायला येतंय?”

कोणीच येणार नव्हतं. अडचण तीच होती. संस्थेतल्या तिच्या सरांनी तक्ता वरवर पाहून सही केली असती. उत्तराला आकडे साधारण कुठे जातील याचा अंदाजही होता, बसल्या जागी पाच मिनिटांत भरता आले असते. आणि पुढचे तीन महिने बापाची मजुरी बंद, आईची पाटी बंद. घर चालणार ते तिच्या पगारावर. तिने पिशवीतून वही काढली. मे महिन्याचं पान उघडलं, पेनचं टोपण काढलं. पहिल्या ढोम्यापुढे पेन टेकवलं आणि तसंच धरून बसली. शाईचा ठिपका कागदात पसरत गेला. तिने चिडून वही मिटली.

“माझ्याच्याने नाय होनार.”

“का? पगारासाठीच जातेस ना?”

“नाय!” उत्तरा ओरडलीच. “पगारासाठी नाय जात मी! पगार नसता तरी गेली असती.”

बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. कोपऱ्यातल्या डब्यात पावसाळ्यासाठी भरून ठेवलेला तांदूळ त्याच पगाराचा होता.

बाहेर ओट्यावर धाकू जाळं सांधत बसला होता. त्याच्या खोकल्याचा आवाज आला. मालन पटकन उठली, दार लोटून घेतलं आणि लेकीजवळ येऊन हळूच म्हणाली,

“येवढं बापाला नको सांगू. पगारासाठी जाते म्हंगून तो बँकेचं नाव न काढता गप बसलाय.”