पाठीशी पोरं किती?

अहमदपूरच्या एका कॉलेजात नरहरी सर सोळा वर्षं तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत होते. शिकलेल्या माणसानं राजकारणात उतरावं, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला. पण ऐकायला बाकांवर चार-दोन डोकी असायची. शेवटी म्हटलं, आपणच उतरू. नगरपालिकेचं तिकीट मागायला ते पीएच.डी.चं सर्टिफिकेट फायलीत लावून लातूरला पक्षाच्या मुलाखतीला गेले.

मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी फाईल न उघडताच विचारलं, "पोरं किती हायत, सर?"

"एकच. मुलगी आहे, यंदा बारावीला."

खोलीत हशा पिकला. "तसं न्हाई हो! मागं फिरणारी, घोषणा देणारी पोरं किती?"

तेवढ्यात पुढचा उमेदवार आत आला. सरांच्याच विषयात दोनदा नापास होऊन कॉलेज सोडलेला कैलास. तो आधी वाकून सरांच्या पाया पडला, मग साहेबांनी तोच प्रश्न विचारताच म्हणाला, "साठ हायत. सकाळधरनं खाली उभी हायत, बघा की."

साहेबांच्या मागोमाग सरही खिडकीशी गेले. खाली गळ्यात पक्षाचे रुमाल घालून पोरं कैलासच्या नावानं ओरडत होती. एरवी परीक्षेपुरतीच दिसणारी ती तोंडं सरांनी एकेक करून ओळखली.



राज्यशास्त्राचा अख्खा वर्ग आज पहिल्यांदाच हजर होता.