चावरे बूट

“ओढ! झोपेत चालतेस का?” आई ओरडली.

थोरलीने दात-ओठ खाऊन ओढ घेतली. सायकलच्या जुन्या ट्यूबा गाठी मारून जोडल्या होत्या. एक टोक थोरलीच्या कमरेला, दुसरं धाकटीच्या. पुढे थोरली, मागे धाकटी. ट्यूब ताणली की थोरलीच्या मांड्या पेटायच्या, आणि मागून धाकटी गोफणीतून सुटल्यासारखी यायची. तिचे पाय जमिनीला टेकतच नाहीत, असं वाटायचं.

“ओझं ओढल्याशिवाय पायात वेग भरत नाही,” हे आईचं ठरलेलं वाक्य. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. पण तरुणपणी ती स्वतः शंभर मीटर धावलेली, त्यामुळे तिच्यापुढे अक्कल पाजळायची घरात कुणाची छाती नव्हती.

रविवारी क्रीडा वसतिगृहाची निवड होती. एका घरातून एकच मुलगी, असा तिथला नियम. निवड झाली की शाळा, खाणंपिणं, प्रशिक्षक, सगळं तिकडेच. नाही झाली, तर लॉन्ड्रीतलं दुसरं टेबल रिकामंच होतं. नाव आई स्वतः जाऊन देऊन आली होती. कुणाचं, ते थोरलीने विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? घरात स्पाइक्सचे बूट एकच जोड, आणि ते तिच्या पायात.

“आई, टाचा सोलल्या गं.”

“नवा बूट म्हणजे नवी सून. वापरून वापरून वळणावर आणावा लागतो.”

“अंगठा पण दुमडतोय.”

“नखं काप. आणि घरीसुद्धा घालून फिर.”

थोरली घरीही घालून फिरायची. मोजे लाल व्हायचे, तेही ती मिरवायची.

मैदानाचा राखणदार रोज कुंपणाला टेकून बघायचा. एकदा न राहवून म्हणाला, “बाई, त्या मागच्या चिमणीलाही कधी पुढे जुंपा की.”

“तुम्ही गवत कापा. गुडघ्याला लागायला आलंय.”

“नाही, पण थोरली म्हणजे बैल हो तुमची! काय ओढते!”

“बैलच आहे माझा,” आई म्हणाली.

थोरली लाजली. आईच्या तोंडून कौतुक म्हणजे दगडाला पाझर.

शेवटच्या आठवड्यात आईने धाकटीला बाकावर बसवलं. “तू बस. तुझ्याने आता काही व्हायचं नाही.” थोरलीच्या कमरेला मात्र ट्रकचा टायर बांधला. थोरली धुळीतून टायर ओढत जाता जाता बहिणीला चिडवायची, “मागे लटकून लटकून दमली वाटतं शेपटी!”

धाकटी पाय लांब करून बसायची.

शनिवारी संध्याकाळी थोरलीने बूट पुसले. चामडं लोण्यासारखं मऊ झालं होतं. तिला बहिणीची दया आली.

“मी गेले की खिडकीजवळची गादी तुला.”

“नको,” धाकटी म्हणाली. “तुलाच राहू दे.”

रविवारी मैदानाच्या फाटकापाशी ही गर्दी. थोरलीच्या मांड्या दगड झाल्या होत्या, पण आज ओढायला मागे कुणी नाही, या विचारानेच तिला हलकं वाटत होतं. आईने तिला बाकावर बसवलं आणि स्वतः समोर गुडघे टेकले.

“टाचेला चावायचे थांबले?”

“कधीच. अंगठा तेवढा दुमडतो.”

“काढ बघू.”

आई टाचांना पट्टी लावणार, असं समजून थोरलीने नाड्या सोडल्या. आईने दोन्ही बूट हातात घेतले, आत बोटं फिरवून पाहिली. मान डोलावली.

“छान वळणावर आणलेस.”

मग आई गुडघ्यांवरच वळली. शेजारी धाकटी आधीपासून अनवाणी बसली होती. तिने न सांगता पाय पुढे केला, आणि तो बुटात अलगद बसला. कुठे घट्ट नाही, कुठे सैल नाही.