अरेंजर की वर्कस्टेशन

अर्धांगाचा झटका आल्यापासून दादाचा उजवा हात लुळा पडला होता, आणि आमच्या वाद्यवृंदात तोच ड्रमवाला. माझ्या जुन्या कीबोर्डातले ड्रम डबा बडवल्यासारखे वाजायचे, म्हणून नवा निवडायला मी त्यालाच दुकानात नेलं. विक्रेत्याने आधी अरेंजर प्रकारचा कीबोर्ड लावला. एक बटण दाबताच अख्खा ठेका आपोआप सुरू झाला. दादाने डोळे मिटून ऐकला. "माझ्यापेक्षा सफाईदार आहे," तो म्हणाला. मी घाईने दुसरा दाखवायला सांगितला. मग त्याने वर्कस्टेशन प्रकारचा लावला. त्यात एकेका पट्टीवर एकेक ड्रम. हळू दाबलं तर कुजबुज, जोरात तर दणका. दादाने डाव्या हाताची बोटं पट्ट्यांवर ठेवली. आधी अडखळला, मग ठेका धरला. विक्रेत्याचीही मान डोलली. "हाच घे," दादा म्हणाला. "अरे, पण मी एकटी सूर आणि ठेका दोन्ही कसं वाजवणार?" "तू कशाला? तुझ्याकडे जुना आहेच की. हा माझा."